चीज सगळ्यात शेवटी

प्रश्न : काकू, सप्रेम नमस्कार. मी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट शहरात तीन वर्षांपासून राहते. आमच्या ऑफिसात थँक्सगिव्हिंगच्या आधल्या आठवड्यात पॉटलक असतो, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणायचा. मागच्या वर्षी मी हौसेने स्लो कुकरमध्ये, म्हणजे विजेवर मंद शिजवणाऱ्या भांड्यात, मॅक अँड चीज (चीजच्या सॉसमधली मॅकरोनी) केलं. सकाळी सात वाजता मॅकरोनी, दूध, चीज सगळं एकदम घालून ‘लो’वर लावलं आणि थेट साडेअकराला झाकण उघडलं. मॅकरोनीचा लगदा झाला होता, सॉस रव्यासारखा दाणेदार, वर पिवळं तेल. सगळे चांगलं म्हणाले, पण भांडं जवळजवळ भरलेलंच घरी आलं. यंदा यादीत माझ्या नावापुढे पुन्हा तेच लिहिलंय. बाहेरून विकत नेऊ का? की काही उपाय आहे?

उत्तर : अगं, विकत अजिबात नेऊ नकोस. तुझ्या भागात मॅक अँड चीज कोण करणार, हे होळीला पुरण कोण घालणार इतकंच महत्त्वाचं असतं. आमच्या शेजारी, इथे कोलंबसला, मूळच्या जॉर्जियाच्या एक आजी राहायच्या. कृष्णवर्णीय कुटुंब, चर्चमधल्या जेवणावळींचा पन्नास वर्षांचा अनुभव. पंगतीत मॅक अँड चीज दिसलं की त्या आधी विचारायच्या, ‘हे कोणी केलंय?’ आणि उत्तर ऐकून मगच ताट पुढे करायच्या. एकदा बिघडूनही तुझ्या सहकाऱ्यांनी तुझं नाव त्या पदार्थापुढून काढलं नाही, हे लक्षात घे. त्यांना तू आपली वाटतेस.

आता बिघडलं कुठे ते पाहू. तुझ्या पत्रातलं ‘सगळं एकदम’ हेच दुखणं आहे. चीज म्हणजे दुधातल्या प्रथिनांची जाळी. कॅल्शियमने ती जागोजागी टाचलेली असते आणि तिच्यात स्निग्धांश आणि पाणी धरून ठेवलेलं असतं. बेताची ऊब मिळाली की जाळी सैल होते आणि चीज वितळतं. उष्णता फार झाली किंवा फार वेळ राहिली, की प्रथिनं एकमेकांना घट्ट बिलगतात आणि आतलं तूप-पाणी बाहेर पिळून काढतात. ते रवाळ कण म्हणजे आक्रसलेली प्रथिनं आणि वरचं पिवळं तेल म्हणजे त्यांनी सोडलेला स्निग्धांश. आपण म्हणतो ना दूध फाटलं, तसं तुझं चीज फाटलं. ‘लो’ म्हणजे कोमट, हा समज पहिल्यांदा काढून टाक. ‘लो’ आणि ‘हाय’ दोन्ही शेवटी उकळीच्या जवळच पोचतात, ‘लो’ला वेळ जास्त लागतो इतकंच. साडेचार तास चीज त्या आचेत राहिलं तर दुसरं काय होणार?

आणि मॅकरोनी? तीही साडेचार तास दुधात बसली. हे यंत्र मुळात ज्या पदार्थासाठी जन्माला आलं, त्याला मात्र हे सगळं मानवतं. शिकागोच्या आयर्विंग नॅक्सन यांना १९४० साली याचं पेटंट मिळालं. लिथुआनियातल्या यहुदी घरांत शुक्रवारी संध्याकाळी चोलंटचं, म्हणजे घेवडा-मांसाच्या रश्श्याचं, भांडं बेकरीच्या निवत चाललेल्या भट्टीत ठेवायचे आणि ते रात्रभर शिजत राहायचं. शब्बाथला, म्हणजे यहुद्यांच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नसते, म्हणून ही सोय. आईकडून ऐकलेल्या या आठवणीवरून नॅक्सन यांना भांडं सुचलं. पुढे रायव्हल कंपनीने ते विकत घेतलं आणि १९७१ मध्ये ‘क्रॉकपॉट’ नावाने घराघरांत नेलं. त्याआधी त्याचं नाव होतं ‘नॅक्सन बीनरी’, म्हणजे घेवड्याच्या उसळीचं भांडं! घेवडा आणि जून मांस जितकं रटरटेल तितकं चांगलं. मॅकरोनी शेवयांच्या जातीची आहे. तिला घड्याळ लावून बघावं लागतं.

म्हणून माझी पद्धत अशी. सहा क्वार्टचं भांडं आतून लोण्याने माखून घे. एक पाउंड, म्हणजे ४५४ ग्रॅम कच्ची एल्बो मॅकरोनी. अडीच कप सायीचं दूध आणि १२ औंसाचा एक डबा इव्हॅपोरेटेड मिल्क, मिळून चार कप द्रव होतो. अर्धी स्टिक (साधारण ५५ ग्रॅम) लोणी, पाऊण चमचा मीठ, अर्धा चमचा मोहरीची पूड, थोडी मिरपूड. मोहरीची चव वेगळी कळत नाही, पण चीजची चव ती वर काढते. दोन्ही दुधं आधी मायक्रोवेव्हमध्ये कडकडीत गरम कर, उकळू नकोस. गार दूध घातलं तर ते तापेपर्यंत मॅकरोनी अर्धा-पाऊण तास कोमट दुधात नुसती फुगत बसते आणि बाहेरून चिकट होते. माझ्याकडे दोन वेळा असं झाल्यावर मी दूध तापवून घालायला लागले.

इव्हॅपोरेटेड मिल्क टाळू नकोस. साठ टक्के पाणी आटवलेलं ते दूध आहे. डबाबंद करताना ते चांगलं तापवलेलं असतं, त्यामुळे लांब आचेवर साध्या दुधाइतकं सहज फाटत नाही. फक्त डबा उघडण्याआधी नाव नीट वाच. शेजारीच कंडेन्स्ड मिल्क असतं, आणि ते गोड! आमच्या मंडळाच्या दिवाळीला एकीने घाईत ते घातलं होतं. मुलं पहिल्या घासाला थांबली.

हे सगळं ढवळून ‘लो’वर लाव आणि झाकणाखाली स्वच्छ सुती पंचा ताणून घाल. झाकणाला सुटलेला घाम तो शोषतो, नाहीतर तेच पाणी परत आत ठिबकतं. पंच्याची टोकं वर बांध, खाली तापलेल्या भागाला लागू देऊ नकोस. वीस मिनिटांनी एकदा ढवळ, नाहीतर मॅकरोनीचे गठ्ठे होतात. मग दर वीस मिनिटांनी. ढवळताना कडा खरवडून मध्ये आण, कारण या भांड्यात आधी कडा शिजते आणि आधी कडेलाच लागतं. पाऊण तासापासून चाखायला लाग. माझ्याकडे सव्वा तास लागतो, तुझ्या कुकरची जात तुलाच ओळखावी लागेल. मॅकरोनी दातांखाली मऊ लागली आणि मध्ये अगदी किंचित कणी राहिली, की थांब. दूध तोवर बरंचसं मुरलेलं असेल, पण तळाशी पातळ दिसायला हवं. भात आसट असतो ना, तसं.

आता बटण बंद. हो, पूर्ण बंद. झाकण काढून दहा मिनिटं स्वस्थ बस. मग १२ औंस शार्प (जरा मुरलेलं) चेडर चीज आणि ४ औंस अमेरिकन चीज, दोन्ही घरी किसलेलं, मूठमूठ घालत जा. एक मूठ विरली की दुसरी. पाच-सहा मिनिटांचं काम आहे, पण सगळा पदार्थ याच पाच-सहा मिनिटांत जमतो किंवा बिघडतो.

अमेरिकन चीजचं नाव काढलं की आपल्यातल्या चोखंदळ मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. मी मात्र ते ठामपणे घालते. जेम्स क्राफ्ट यांनी १९१६ साली प्रोसेस्ड चीजचं पेटंट घेतलं, आणि अशा चीजमध्ये सोडियम सायट्रेट किंवा फॉस्फेटसारखे क्षार असतात. ते प्रथिनांना टाचणाऱ्या कॅल्शियमला बाजूला ओढतात, त्यामुळे प्रथिनं आक्रसत नाहीत आणि तूप धरून ठेवतात. चार औंसांतले क्षार बाकीच्या चेडरलाही सांभाळून घेतात. चव चेडरची आणि सांभाळ अमेरिकनचा. डेलीच्या, म्हणजे दुकानात चीज-मांस कापून देतात त्या, काउंटरवर सांगून जाड तुकडा कापून घे. एकेक प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या चकत्या नकोत.

किसलेल्या चीजची तयार पाकिटंही आणू नकोस. कीस मोकळा राहावा म्हणून त्याला बटाट्याचं पीठ किंवा सेल्युलोज चोळलेलं असतं, ते सॉस नीट एकजीव होऊ देत नाही. आणि दोन-दोन वर्षं मुरवलेलं महागडं चेडरही इथे नको. चीज जितकं जुनं, तितकी त्याची जाळी मोडलेली, आणि तितकं ते लवकर तूप सोडतं. साधं शार्प पुरे.

वेळेचं गणित असं की पॉटलक साडेअकराला असेल तर नऊला लाव. सकाळी कामावर असशील तर ऑफिसच्याच पँट्रीत लाव, मध्येमध्ये उठून ढवळता येईल. तयार झाल्यावर ‘वॉर्म’वर दीड-दोन तास छान राहतं, त्यापुढे मॅकरोनी सॉस पिऊन टाकते. बरोबर थर्मासमध्ये कपभर गरम दूध ठेव, घट्ट वाटलं की दोन डाव घालून हलकेच हलव.

ओव्हनमधलं खरपूस पापुद्र्याचं हवं असेल तर स्लो कुकरकडून ती अपेक्षा ठेवू नकोस. शेजारच्या आजी अंडी घालून, थर लावून ओव्हनमध्ये भाजायच्या, वड्या पडतील असं. तो वेगळा पदार्थ. पण दुधात मॅकरोनी शिजवणं काही आजकालचं खूळ नाही. मेरी रँडॉल्फ यांच्या १८२४च्या ‘द व्हर्जिनिया हाउसवाइफ’ या पाककृतींच्या पुस्तकात मॅकरोनी दूध-पाण्यात शिजवून मग चीज-लोण्याचे थर द्यायला सांगितलं आहे. त्याही आधी, १८०२ साली, राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या मेजवानीत मॅकरोनीचा ‘पाय’ (pie, भाजलेला पदार्थ) वाढल्याची नोंद एका पाहुण्याने करून ठेवली आहे. जेफरसन यांच्या घरी फ्रेंच पद्धतीचं स्वयंपाकघर उभं केलं ते जेम्स हेमिंग्ज यांनी. १७८४ मध्ये त्यांना गुलाम म्हणूनच पॅरिसला नेलं, तिथे त्यांनी स्वयंपाकाचं शिक्षण घेतलं आणि १७९६ साली ते मुक्त झाले. शेजारच्या आजींनी मला हे नाव सांगितलं तेव्हा हातातला डाव खाली ठेवून सांगितलं होतं. ऑफिसात कोणी मॅक अँड चीजच्या गप्पा काढल्या तर हे नाव तूही घे.

प्रश्न : आमच्या घरी मांस-मासे-अंडी काही चालत नाही. सासूबाईंनी कुठेतरी ऐकलं की चीजमध्ये वासराच्या पोटातलं काहीतरी असतं. खरं का? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : सासूबाईंनी ऐकलं ते खरं आहे, पण प्रत्येक चीजला लागू नाही. दूध जमवायला रेनेट लागतं. पारंपरिक रेनेट वासराच्या जठरातून काढतात. इटलीच्या खऱ्या पार्मिजानो रेज्जानो चीजमध्ये नियमानेच तेच वापरावं लागतं, म्हणजे ते तुमच्या घरी नाहीच. पण अमेरिकेतलं पुष्कळसं चेडर आता सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटवर करतात. अडचण अशी की इथल्या वेष्टनावर नुसतं ‘एन्झाइम्स’ लिहिलं तरी चालतं, त्यावरून काही कळत नाही. ‘व्हेजिटेरियन रेनेट’ किंवा ‘मायक्रोबियल’ असं स्पष्ट छापलेलंच घ्या आणि घरी आल्यावर ते वेष्टन सासूबाईंना वाचून दाखवा. त्यांचा प्रश्न रास्त आहे.

प्रश्न : मी पुण्यात असते. मे महिन्यात लेक आणि सात वर्षांचा नातू अमेरिकेहून येताहेत. नातवाला मॅक अँड चीज लागतंच. लेकीला तिथून स्लो कुकर आणायला सांगू का? आणि आपल्याकडच्या सामानात ते जमेल का?

उत्तर : ताई, कुकर आणायला सांगू नका. तो १२० व्होल्टचा असतो, आपल्याकडच्या २३० व्होल्टवर जळेल. त्याची गरजही नाही. जाड बुडाचं पातेलं आणि तुमचा हात, एवढं पुरे.

एक लिटर फुल क्रीम दूध मंद आचेवर ढवळत पाऊण लिटरपर्यंत आटवा. बासुंदी आटवणाऱ्या हाताला हे काय सांगायचं! फक्त साखर नाही, आणि मिल्कमेडही नाही, ते गोड असतं. त्यात चमचाभर लोणी आणि पाव किलो मॅकरोनी घाला. मॅकरोनी घेताना पाकिटावर ड्युरम गहू लिहिलेला बघा. आपला बन्सी गहू त्याच जातीचा, त्याची मॅकरोनी शिजून उभी राहते. मैद्याची पंधरा मिनिटांत विरघळते. मंद आचेवर हलवत राहा, बुडाला लागू देऊ नका. बारा-पंधरा मिनिटांत शिजेल. फार घट्ट वाटलं तर अर्धी वाटी गरम दूध.

गॅस बंद करून पाच मिनिटं थांबा आणि मग अमूलच्या क्यूबचं २०० ग्रॅमचं पाकीट किसून मूठमूठ घाला. मघाशी वर सांगितलं ते सोडियम सायट्रेट या चीजमध्ये असतंच, त्यामुळे सॉस फाटायची भीती जवळजवळ नाही. या बाबतीत तुमचं काम शार्लटमधल्या मुलीपेक्षा सोपं आहे. मीठ मात्र सगळं झाल्यावर चाखूनच घाला, चीज पुरेसं खारट असतं. रंग तिथल्यासारखा केशरी येणार नाही, पिवळट येईल. मूल विचारेल. चिमूटभर हळद घालायचा मोह होईल, पण घालू नका, वास लगेच कळतो.

पहिल्या दिवशी साधंच वाढा. मिरची, कांदा, टोमॅटो काही नको. चार दिवसांनी वाटीभर उरलेल्यात लसणीची फोडणी आणि हिरवी मिरची घालून तुम्ही स्वतः खाऊन बघा, फार छान लागतं.

चीज किसायचं काम नातवाकडे द्या. क्यूब आधी पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे किसणीला चिकटणार नाहीत. आणि शेवटचा इंचभर तुकडा राहिला की तो किसायला लावू नका, बोटं सोलतात. तो त्याला तसाच खाऊ द्या.