वाचक विचारतात : गोंदरचे वाडे, चर्च आणि सहा तासांचा घोळ

इथिओपियाच्या उत्तरेला, ताना सरोवराच्या वरच्या अंगाला, सुमारे २,१०० मीटर उंचीवर गोंदर वसलं आहे. सम्राट फासिलिदसने १६३६ च्या सुमारास इथे राजधानी केली. पुढच्या राजांनी एकाच तटाच्या आत आपापला वाडा बांधला आणि शहरभर चर्च उभी राहिली. फासिल घेब्बी हा तटाआडचा राजवाड्यांचा परिसर १९७९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. या शहराच्या सहलीबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं पुढे देत आहोत.

येत्या हिवाळ्यात गोंदरला जायचा बेत आहे, पण बातम्या वाचून घरचे नको म्हणतात. काय करावं? (पुणे)

घरच्यांची काळजी रास्त आहे. गोंदर अम्हारा प्रांतात येतं आणि तिथे ऑगस्ट २०२३ पासून सरकारी फौजा आणि फानो हे सशस्त्र गट यांच्यात संघर्ष पेटलेला आहे. अशा भागात शहरातले व्यवहार सुरळीत चालू असतात आणि त्याच वेळी बाहेरचा रस्ता बंद झालेला असतो. म्हणून परतावा न मिळणारं तिकीट काढू नका. निघण्याच्या आठवड्यात अदिस अबाबातल्या भारतीय दूतावासाकडे चौकशी करा आणि गोंदरमधल्या मुक्कामाच्या हॉटेललाही थेट फोन करून विचारा. प्रवास विम्यातलं कलम वाचा. सरकारने ‘जाऊ नका’ म्हटलेल्या भागातला दावा बऱ्याच कंपन्या नाकारतात.

गेलात तर येणं-जाणं विमानानेच करा. बहिर दारहून येणारा सुमारे १८० किलोमीटरचा रस्ता आणि उत्तरेला सिमियन पर्वताकडे देबार्कला जाणारा सुमारे १०० किलोमीटरचा रस्ता, दोन्ही मनातून काढून टाका. सिमियन अतिशय सुंदर आहे, पण त्यासाठी धोका पत्करावा असं आम्ही म्हणणार नाही. इंटरनेट बंद पडू शकतं. तेव्हा तिकिटं छापून घ्या, नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा आणि तीन-चार दिवस पुरतील एवढे बिर, म्हणजे तिथलं चलन, रोख जवळ ठेवा. यातलं काही जमणार नसेल तर बेत पुढे ढकला.

दोन दिवस पुरतील का? काय आधी बघावं? (नाशिक)

पोहोचण्याचा दिवस सोडून दोन दिवस पुरतात. विमानतळ शहराबाहेर अझेझोला आहे.

पहिल्या सकाळी देब्रे बिरहान सेलासी हे चर्च बघा. प्रार्थना आटोपली की लगेच जा. दुपारच्या सुट्टीत चर्च बंद असतं आणि अकराला पोहोचलेल्यांना घाईत बाहेर पडावं लागतं. आत उजेड कमी असतो, फ्लॅशला बंदी आहे आणि ती योग्यच आहे, कारण भिंतींवरची चित्रं कापडावर रंगवून ते कापड भिंतीला चिकटवलेलं आहे. दाराशी उभं राहून लगेच फोन काढू नका. मधोमध जाऊन पाच मिनिटं डोळे सरावू द्या, मग छत दिसायला लागतं. तुळयांच्या मधल्या पट्ट्यांत पंख असलेल्या देवदूतांचे चेहरे ओळीने मांडलेत आणि प्रत्येकाची नजर थोडी निराळी आहे. पूर्वेकडच्या भिंतीवर, गाभाऱ्याच्या दारावर, पवित्र त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) आणि क्रूसावरचा ख्रिस्त आहे. गाभाऱ्यात फक्त पुरोहित जातात, पडद्याच्या पलीकडे डोकावू नका. बाहेरच्या आवारभिंतीवर बारा बुरूज आहेत, ते बारा प्रेषितांचे. १८८८ मध्ये सुदानच्या महदी फौजेने गोंदरची चर्च जाळली, त्यातून हे वाचलं. मधमाश्यांनी हल्लेखोरांना पळवून लावलं, असं तिथले लोक सांगतात.

जेवण करून फासिल घेब्बी. तट जवळपास ९०० मीटर लांबीचा आहे आणि आत अडीच-तीन तास सहज जातात. इथे लोकांची एक चूक होते. समोर दिसेल त्या वाड्यात शिरतात आणि तासाभरात सगळंच पडकं वाटायला लागतं. राजांच्या क्रमाने फिरा : फासिलिदसचा वाडा, पहिल्या योहानेसचं ग्रंथालय, पहिल्या इयासूचा वाडा, तिसऱ्या दावितचं सभागृह, बकाफाचा वाडा, शेवटी सम्राज्ञी मेंतेवाबचा. या क्रमाने गेलं की बांधकाम कसं बदलत गेलं ते कळतं. इयासूच्या वाड्याला आज छप्पर नाही. १७०४ च्या भूकंपाने त्याचं नुकसान झालं आणि १९४१ मध्ये इटालियन फौजा इथे ठाण मांडून असताना ब्रिटिशांनी केलेल्या बॉम्बफेकीतही. काळ्या दगडाचे फोटो भर दुपारी सपाट येतात. चारनंतर ऊन तिरपं झालं की चौकटींभोवतीचा तांबूस दगड उठून दिसतो.

दुसऱ्या दिवशी फासिलिदसचं कुंड आणि त्याच दिशेला टेकडीवरचं कुस्क्वाम, म्हणजे मेंतेवाबचा वाडा आणि चर्च. फासिल घेब्बीचं आदल्या दिवसाचं तिकीट फेकू नका, कुंडाच्या दारात ते मागतात. वर्षाचे बरेच महिने कुंड कोरडं असतं, हे आधीच माहीत असलेलं बरं. तरी जा. भोवतालच्या भिंतीला उंबराच्या जातीच्या प्रचंड झाडांच्या मुळांनी असा विळखा घातलाय, की आपल्या गडांवरच्या वड-पिंपळांची आठवण येते. तिथेही तोच पेच आहे : मूळ काढावं तर भिंत सुटते, ठेवावं तर भिंत फाटते. कुस्क्वामला मेंतेवाब, तिचा मुलगा आणि नातू यांच्या अस्थी काचेच्या पेटीत ठेवल्या आहेत.

शहरात फिरायला रिक्षा मिळते. तिला तिकडे ‘बजाज’च म्हणतात. भाडं बसण्याआधी ठरवा.

तिथलं घड्याळ वेगळं असतं म्हणजे नेमकं काय? (ठाणे)

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथिओपिया भारताच्या अडीच तास मागे आहे, ही पहिली. दुसरी जास्त फसवते : तिथे दिवस सूर्योदयाला सुरू होतो, म्हणून आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. घड्याळातल्या आकड्यातून सहा वजा करा. ‘उद्या दोन वाजता’ म्हणजे सकाळी आठ आणि ‘बाराची बस’ म्हणजे पहाटे सहाची. विमानाची तिकिटं आपल्या पद्धतीने छापलेली असतात. गाईड, बजाजवाला आणि चर्चमधले लोक मात्र त्यांच्या पद्धतीने बोलतात. वेळ ठरवताना ‘हबेशा की फेरेंज?’ एवढं विचारा, म्हणजे ‘इथली की परदेशी?’. शंका उरली तर ‘सकाळी की दुपारी’ हे बोलून घ्या. पर्यटकांची हुकलेली चर्च बहुतेक या सहा तासांमुळेच हुकतात.

पंचांगही निराळं आहे. महिने तेरा, वर्ष आपल्याहून सात-आठने मागे आणि नवं वर्ष ११ सप्टेंबरला.

आम्ही शुद्ध शाकाहारी. तिकडे उपाशी राहावं लागेल का? (सांगली)

उलट, वार बघून गेलात तर चंगळ आहे. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपास कडक असतात. उपासाला मांस, अंडी, दूध, लोणी, तूप काहीच चालत नाही, डाळी आणि भाज्या चालतात. दर बुधवारी आणि शुक्रवारी उपास असतो. ईस्टरच्या आधी सलग ५५ दिवस असतो आणि नाताळच्या आधी, म्हणजे २५ नोव्हेंबरच्या सुमारापासून ६ जानेवारीपर्यंतही असतो. डिसेंबरमध्ये गेलात तर कुठल्याही खानावळीत रोज शाकाहारी ताट मिळेल. ईस्टरनंतरच्या ५० दिवसांत मात्र बुधवार-शुक्रवारचेही उपास सुटलेले असतात आणि तेव्हा शाकाहारी माणसाची खरी पंचाईत होते. तो काळ टाळा.

मागायचं ते ‘यत्सोम बेयायनेतू’. त्सोम म्हणजे उपास आणि बेयायनेतू म्हणजे सगळ्यातलं थोडं थोडं. मोठ्या इंजेरावर मसुरीचं तिखट कालवण, हळदीतलं सौम्य वाटाण्याच्या डाळीचं अलिचा, पालेभाजी, कोबी-बटाटा असं वाढून येतं. इंजेरा टेफ नावाच्या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाचं असतं. दिसायला जाळीदार आंबोळी, पण चव बरीच आंबट. पहिल्या घासाला आवडलं नाही तरी कालवणात भिजलेला मधला भाग खाऊन बघा.

शिरो हा पदार्थ नावावरून गोड समजू नका. भाजलेल्या हरभऱ्याच्या किंवा तत्सम कडधान्याच्या मसालेदार पिठाचं ते रटरटतं पिठलं आहे. इथे दोन सापळे आहेत. उपास नसलेल्या दिवशी त्यात ‘किब्बे’, म्हणजे मसाल्याचं तूप, घालतात. तूप चालत असेल तर हरकत नाही. पण ‘बोझेना शिरो’मध्ये मांस असतं. ‘सिगा अल्बेलाम’ म्हणजे ‘मी मांस खात नाही’, हे पाठ करा. काही जण उपासाला मासे चालतात असं मानतात, म्हणून ‘असा’ (मासा) नको हेही सांगा. जैन वाचकांसाठी मात्र अवघड आहे. जवळजवळ प्रत्येक कालवणाचा पाया भरपूर परतलेला कांदा असतो. त्यांनी कोरडा शिधा बरोबर न्यावा.

गोंदरचे किल्ले पोर्तुगीजांनी बांधले असं ऐकलं. गोव्याचा काही संबंध? (मडगाव)

पोर्तुगीजांनी बांधले नाहीत. संबंध आहे, पण वेगळा.

गोव्यात तळ असलेले जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इथिओपियात पोहोचले. त्यांतला पेद्रो पाएझ सर्वांत नावाजलेला, तो १६२२ मध्ये वारला. सम्राट सुसेन्योसने कॅथलिक पंथ स्वीकारला, देशात बंडं झाली आणि १६३२ मध्ये त्याने गादी मुलाला दिली. तो मुलगा म्हणजे फासिलिदस. त्याने जेझुइटांना हाकलून दिलं आणि त्यानंतर गोंदर वसवलं. म्हणजे वाडा उभा राहिला तेव्हा पोर्तुगीज धर्मगुरू देशाबाहेर गेलेले होते.

मग हे तंत्र आलं कुठून? कळीचा मुद्दा चुन्याचा आहे. त्याआधी तिथे दगड मातीत बसवायचे. पावसाळ्यात माती धुपते आणि उंच भिंतीला पोट सुटतं. १६२० च्या दशकात भारतातून आलेल्या माणसाच्या हातून तिथे चुना भाजायचं तंत्र रुजलं. चुन्यामुळे न घडवलेला ओबडधोबड बेसाल्टही जाड सांध्यात घट्ट बसतो, कमानी आणि घुमट पेलतात आणि मजल्यावर मजला चढवता येतो. फासिलिदसच्या वाड्याचे अंडाकार घुमटांचे चार कोपरे बघताना सांधे बघा, दगडाइतकाच चुना दिसेल. १६४८ मध्ये येमेनचा राजदूत अल-हैमी गोंदरला आला होता. वाड्याचा मुख्य कारागीर भारतीय होता, अशी नोंद त्याने केली आहे. कुठल्या प्रांतातला ते तो सांगत नाही, त्यामुळे तो आपलाच गवंडी होता असा दावा करू नये. पण श्रेय पोर्तुगीजांना देऊन स्थानिक राजे आणि गवंडी यांना पुसून टाकणं हे सरळ चुकीचं आहे.

तिमकतचा सोहळा बघायचा आहे. तारीख आणि काळजी सांगा. (डोंबिवली)

तिमकत हा ख्रिस्ताच्या बाप्तिस्म्याचा सण १९ जानेवारीला असतो. आपल्या कॅलेंडरच्या लीप वर्षात तो २० ला जातो, जसा २०२४ मध्ये गेला. पुढची २० तारीख २०२८ ला येईल. त्यासाठी कुंड काहा नदीच्या पाण्याने आधीपासून भरत आणतात. आदल्या दुपारी चर्चमधून ‘ताबोत’, म्हणजे गाभाऱ्यातली पवित्र पाटी, झाकून मिरवत कुंडापाशी आणतात, रात्रभर प्रार्थना चालते, पहाटे पाण्याला आशीर्वाद दिला जातो आणि मग तरुण पाण्यात उड्या टाकतात. पहाटे चारच्या आत पोहोचलात तरच काही दिसेल.

प्रेक्षकांसाठी बांधलेल्या लाकडी मचाणांवर चढू नका. जानेवारी २०२० मध्ये असं एक मचाण कोसळून किमान दहा माणसं दगावली. कारण सरळ आहे : तात्पुरत्या बांधणीवर पेलवेल त्यापेक्षा जास्त माणसं चढतात आणि एकाच क्षणी सगळी पुढे झुकतात. जमिनीवर, बाहेरच्या दाराजवळ उभे राहा. कॅमेरा पाण्यापासून जपा आणि खिशात फक्त त्या दिवसापुरते पैसे ठेवा.

पीतज्वराची लस खरंच लागते का? (कोल्हापूर)

हो, आणि ती घेतलेली नसेल तर परत येताना अडतं. इथिओपिया पीतज्वराच्या यादीत असल्याने प्रमाणपत्र नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्या. प्रमाणपत्रावरचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक केंद्रातून निघण्याआधी ताडून बघा. एकदा घेतली की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. अंड्याची ॲलर्जी असेल किंवा वय ६० च्या वर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

ड्रोन नेऊ नका, परवानगीशिवाय आणलेलं विमानतळावर काढून घेतात. दुर्बीणही घरीच ठेवा.

सत्तरीचे आईवडील बरोबर आहेत. उंचीचा त्रास होईल? (बडोदा)

गोंदर कळसूबाईच्या माथ्यापेक्षा चारशे-पाचशे मीटर उंच आहे. बहुतेकांना फक्त चढावर दम लागतो. पहिल्या दिवशी चालणं कमी, पाणी जास्त. दम्याचा किंवा हृदयाचा विकार असेल तर डॉक्टरांचा सल्ला घेऊनच निघा. ऊन कडक आणि रात्री गार असतात, टोपी आणि स्वेटर दोन्ही लागतील. वाड्यांमधल्या पायऱ्या उंच आणि घासलेल्या आहेत, कठडे सगळीकडे नाहीत. वडिलांना वरचे मजले टाळायला सांगा, खालची दालनंही मोठी आहेत. चर्चमध्ये बूट काढावे लागतात आणि गालिच्यांत पिसवा असतात, जाड मोजे घाला. आईंनी डोक्यावर ओढणी किंवा पदर घ्यावा. पाऊस आपल्यासारखाच जून ते सप्टेंबर, म्हणून ऑक्टोबर ते फेब्रुवारी चांगला. ऑक्टोबरात डोंगर हिरवे असतात आणि पिवळी फुलं फुललेली असतात.

मलिक अंबर गोंदरचा होता का? (छत्रपती संभाजीनगर)

नाही. तो इथिओपियातलाच, पण १६२६ मध्ये वारला. तोवर त्याची खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) वसून झाली होती, गोंदर वसायला आणखी दहा वर्षं होती.