वकिलातीत वकील कुठे असतात?

प्रश्न असा आहे: "व्हिसाच्या मुलाखतीसाठी आम्ही मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत गेलो होतो. रांगेत मुलीने विचारलं, इथे वकील कुठे बसतात? मला उत्तर देता आलं नाही. कोर्टातल्या वकिलावरून हा शब्द चुकून रूढ झाला का? दूतावास म्हणणंच बरोबर ना?"

चुकून काहीच झालेलं नाही. मराठी कागदपत्रांत वकील भेटतो तो बहुतेक वेळा परक्या दरबारात. काळ्या कोटातला वकील त्याच्या मागून पुढे आला.

शब्द अरबी, आपल्याकडे फारसीतून आला. मूळ अर्थ: ज्याच्यावर दुसऱ्याचं काम सोपवलं आहे तो. हा अर्थ नीट समजायला त्याचा जोडीदार शब्द बघा, अशील. तोही अरबीच, आणि आपल्या 'अस्सल'चा सख्खा भाऊ. अशील म्हणजे मूळ माणूस आणि वकील म्हणजे त्याच्या जागी उभा राहणारा. हिंदीत वकिलाकडे मुवक्किल जातो, मराठीत अशील जातो. ही जोडी मराठीने इतकी नेमकी जपली, याचं मला फार अप्रूप वाटतं. अशील माणूस असू शकतो तसं राज्यही असू शकतं. राज्य स्वतः उठून शेजारच्या राजधानीत जाऊ शकत नाही, म्हणून त्याचा वकील जातो.

शिवकाळात या कामाला हेजीब हाही शब्द होता. 1659 साली प्रतापगडाच्या भेटीआधी अफजलखानाकडून कृष्णाजी भास्कर आणि महाराजांकडून पंताजी गोपीनाथ ये-जा करत होते, ती हेजिबी. पुढे हेजीब मागे पडला. अठराव्या शतकात दख्खनेत पुणे, हैदराबाद, श्रीरंगपट्टण, नागपूर आणि मुंबई-कलकत्त्याचे इंग्रज असे शेजारी दाटीवाटीने नांदत होते. आज ज्याच्याशी लढाई, त्याच्याशी उद्या दोस्ती. या धकाधकीत प्रत्येक दरबारात दुसऱ्याचा वकील कायमचा मुक्काम करून असे. दिल्लीत पेशव्यांची वकिली हिंगणे घराण्याकडे पिढ्यान् पिढ्या होती. हैदराबादेत गोविंदराव काळे होते. 1786 पासून पुण्यात इंग्रजांच्या वतीने मॅलेट राहू लागला, त्याचं बिऱ्हाड संगमावर. हे वकील फक्त निरोपे नव्हते. कोणाची फौज कुठे हलली, दिवाणाची मर्जी कोणाकडे झुकली, खजिन्यात खडखडाट आहे की काय, असली बित्तंबातमी पत्रांतून रोज धाडणं हे त्यांचं खरं काम. अशा पत्रांची दफ्तरंच्या दफ्तरं शिल्लक आहेत आणि त्या काळचं राजकारण कळण्यासाठी ती वाचण्यासारखी आहेत.

वकील आणि अशील यांचं नातं सगळ्यात स्पष्ट दिसतं ते खर्ड्याच्या लढाईच्या कारणात. 1790 साली टिपूविरुद्ध पेशवे, निजाम आणि इंग्रज एक झाले होते. 1792 साली श्रीरंगपट्टणचा तह झाला, टिपूने निम्मा मुलूख सोडला आणि दोन मुलं ओलीस दिली. त्या मुलांना इंग्रजांचा गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस याच्या हवाली करायला गेला तोही टिपूचा वकीलच, गुलाम अली खान. तह होऊन फार दिवस लोटले नाहीत, तोच पेशवे आणि निजाम या दोन दोस्तांत चौथाईच्या थकबाकीवरून वाजलं. गोविंदराव काळे आणि गोविंदराव पिंगळे हे मराठी वकील हैदराबादेत हिशेब मागत होते. निजामाचा दिवाण मशीरुल्मुल्क म्हणाला, नाना फडणिसांनी स्वतः इथे येऊन हिशेब समजावून द्यावा. म्हणजे वकील नको, अशीलच हजर करा. दरबारी रिवाजात याहून मोठा अपमान नाही, कारण वकिलाला न मानणं म्हणजे त्याला पाठवणाऱ्या राज्यालाच न मानणं. मार्च 1795 मध्ये खर्ड्याला निजामाचा पराभव झाला आणि तोच दिवाण मराठ्यांच्या स्वाधीन करावा लागला. जो नानांना हैदराबादेस बोलवत होता, तो कैदी म्हणून पुण्यास आला.

याच शब्दाची सर्वांत उंच पायरी म्हणजे वकील-इ-मुतलक. बादशाह शाहआलमने हे पद पेशव्यांना दिलं आणि महादजी शिंद्यांना त्यांचे नायब नेमलं. बादशहाच्या वतीने सगळा कारभार पाहणारा, म्हणून वकील. 1792 साली महादजींनी हा किताब पुण्यात आणून सवाई माधवरावांना दिला. कोर्टातला अर्थ धरून बसलं, तर हा किताब समजतच नाही.

मग कोर्टाचा वकील कसा पुढे आला? दुसऱ्याचं भांडण काजीपुढे मांडणाऱ्यालाही वकील म्हणतच असत. पण 1793 साली बंगालमध्ये कंपनी सरकारने कायदा करून अदालतीतल्या वकिलांची रीतसर नेमणूक ठरवली, आणि तीही त्याच कॉर्नवॉलिसच्या कारकिर्दीत. इकडे 31 डिसेंबर 1802 च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने इतर राज्यांशी परस्पर बोलणी न करण्याचं कबूल केलं. निजामाशी तंटा झाला तर निवाडा कंपनीचा. शेजाऱ्याशी बोलायचीच मनाई झाल्यावर दरबारी वकिलाला काम कुठून उरणार? माझ्या मते शब्दाचा एक पाय तिथेच मोडला आणि तो कोर्टाच्या पायावर उभा राहिला. 'वकिलात' मात्र जुन्या अर्थासकट टिकली. तुमच्या मुलीला सांगा, आत बसलेले अधिकारी आपल्या देशाचे वकील आहेत आणि त्यांचा अशील म्हणजे त्यांचा देश.

दूतावास चुकीचा नाही, संस्कृत घडणीचा आहे आणि हिंदी सरकारी व्यवहारामुळे कानावर जास्त पडतो. पण आपल्या घरात पिढ्यांचा शब्द असताना तो बदलावा, असं मला मुळीच वाटत नाही. राजदूत हा शब्द पदासाठी छान रुळला आहे. आज एखाद्याला "अमेरिकेचे वकील" म्हटलं तर घोटाळा होईल, तेव्हा माणूस राजदूत आणि कचेरी वकिलात, हे मला सोयीचं वाटतं.

लिहिताना एक सांभाळा: वकील दीर्घ, पण वकिली, वकिलाने, वकिलात ऱ्हस्व. शब्द स्त्रीलिंगी, ती वकिलात, वकिलातीत, वकिलातीसमोर. हिंदीतली 'वकालत' म्हणजे आपली वकिली, तिचा या कचेरीशी संबंध नाही.