‘सिग्नलची गुणवत्ता’ म्हणजे नेमके काय?

नागपुरातील एका केबल तंत्रज्ञांनी विचारले आहे की, मीटरवरील ‘सिग्नल स्ट्रेंग्थ’ आणि ‘सिग्नल क्वालिटी’ यांना मराठीत वेगवेगळे काय म्हणावे, कारण तक्रारवहीत दोन्हींसाठी ‘सिग्नल कमी आहे’ एवढेच लिहिले जाते.

पहिल्यासाठी ‘पातळी’ हा शब्द पुरेसा आहे. सिग्नल किती जोरकस आहे एवढेच ती सांगते आणि केबलच्या मीटरवर ती डेसिबल-मायक्रोव्होल्टमध्ये दिसते. अडचण दुसऱ्या शब्दाची आहे, कारण ‘गुणवत्ता’ म्हटल्याने मीटरने काय मोजले ते कळत नाही.

डिजिटल माहिती सिग्नलवर चढवण्याच्या, केबलवर रूढ असलेल्या ६४ क्वॅम पद्धतीत सिग्नलच्या ६४ ठरावीक अवस्था असतात आणि प्रत्येक अवस्था सहा बिट वाहून नेते. आलेली प्रत्येक अवस्था आपल्या आदर्श जागेपासून किती ढळली हे मीटर तपासतो आणि मूळ सिग्नलची शक्ती व या ढळण्याची शक्ती यांचे गुणोत्तर डेसिबलमध्ये दाखवतो. हाच एमईआर (मॉड्युलेशन एरर रेशो), आणि त्याला मी ‘शुद्धता’ म्हणेन. तो जितका जास्त तितका चांगला. ६४ क्वॅममध्ये तो २३-२४ डेसिबलपर्यंत घसरला की चित्र फुटू लागते. ॲम्प्लिफायर लावून पातळी वाढवता येते, पण मिसळलेला गोंगाटही तिच्यासोबत वाढत असल्याने शुद्धता वाढत नाही.

मीटरवरील बीईआर (बिट एरर रेट) ही मात्र वेगळी मोजणी आहे. एकूण बिटांपैकी चुकीचे किती आले हे ती सांगते, म्हणून तिला ‘त्रुटिदर’ हा शब्द नेमका बसतो. दर २०४ बाइटच्या पॅकेटमध्ये १६ बाइट दुरुस्तीसाठी राखलेले असतात आणि त्यांच्या बळावर आठपर्यंत चुकलेले बाइट सुधारता येतात. त्यामुळे पडद्यावर चित्र स्वच्छ दिसत असतानाही आत चुका साचत असतात. जुन्या ॲनालॉग प्रक्षेपणात मुंग्या दिसू लागत आणि बिघाडाची चाहूल लागे, तशी सोय इथे नाही. म्हणूनच दुरुस्तीपूर्वीचा त्रुटिदर पाहणे महत्त्वाचे ठरते.

शुद्धता आणि त्रुटिदर एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. एमईआर हा सरासरीचा आकडा असल्याने क्षणिक धक्के त्यात विरून जातात. नागपूरच्या उन्हाळ्यात घरोघरी कूलर चालतात. एखाद्या मोटरच्या ठिणग्यांचा गोंगाट ढिल्या कनेक्टरमधून तारेत शिरला, तर एमईआर उत्तम दिसतो आणि त्रुटिदर मात्र उसळतो.

चित्राचा सुबकपणा ही तिसरीच बाब आहे. प्रसारकाने चित्र फार दाबून पाठवले असेल तर ते धूसरच दिसेल, मग केबल कितीही निर्दोष असो. हा मीटर त्याविषयी काहीच सांगत नाही.

तेव्हा वहीत ‘पातळी ठीक, शुद्धता ३२ डेसिबल, कूलर चालू असताना दुरुस्तीपूर्वीचा त्रुटिदर वाढतो’ असे लिहावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी जाणारा माणूस ॲम्प्लिफायर न बदलता आधी कनेक्टर तपासेल.