पिंप, पासवर्ड आणि फ्लॅट नंबर

अगं पोरी,

काल रात्री सोसायटीच्या ग्रुपवरचा तुझा मेसेज वाचला आणि धड झोपच लागली नाही, म्हणून सकाळी उठल्या उठल्या हे लिहितोय, लांबेल जरा पण पूर्ण वाच. दोन आठवडे बिल्डिंगचं कॉमन नेट रखडत होतं, तू नोकरी सांभाळून रात्री जागून शोधलंस की चौथ्या मजल्यावरच्या आजोबांच्या कॅमेऱ्यात काहीतरी घुसलंय आणि तोच सगळी लाइन खातोय. हे आमच्यापैकी कुणालाच जमलं नसतं, मनापासून सांगतो. पण त्याखाली फ्लॅट नंबर टाकून तू लिहिलंस की एका माणसाच्या निष्काळजीपणामुळे सगळ्यांना त्रास झाला, आणि त्यावर धडाधड अंगठे आले. ते मला फार लागलं.

मी महापालिकेच्या हिवताप विभागात २७ वर्षं काढली, तुला माहितीये. पिंपं, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचे टायर, सगळीकडे बॅटरी मारून अळ्या शोधायच्या हेच काम. नवीन होतो तेव्हा एका बाईच्या पिंपात अळ्या सापडल्या तर मी अख्ख्या गल्लीसमोर तिला बोललो, तुमच्यामुळे पोरं आजारी पडतायत म्हणून. पुढच्या आठवड्यात तिने दार उघडलं नाही, तिनेच नाही तर शेजारच्या चार घरांनीपण नाही. तिच्या मुलाला ताप आला होता तोही तिने लपवला, आम्हाला कळलं ते त्याला ॲडमिट केल्यावर. पोरगं वाचलं. पण त्या गल्लीत एक दिवसाआड पाणी यायचं, ती पिंप भरून ठेवणार नाही तर काय करणार, हे मी तिला विचारलंच नव्हतं गं.

आणि डेंग्यूत बोट दाखवायचं तरी कुणाकडे? डेंग्यू पसरवणारा एडिस डास फार लांब उडत नाही हे खरं, पण आपल्या आणि शेजारच्या बिल्डिंगमध्ये तो आरामात फिरतो, चावला तो कुणाच्या कुंडीतला हे कुणी सांगू शकत नाही. डासात विषाणू येतो तो बहुतेक वेळा माणसाला चावूनच, आणि लागण झालेल्या बऱ्याच जणांना ताप पण येत नाही, ते बिचारे आपले कामाला जात असतात. म्हणून आम्ही कोरडा दिवस पाळा सांगायचो. अंड्याचा डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात, तेव्हा दर आठवड्याला भांडं रिकामं करायचं, आणि नुसतं रिकामं नाही तर घासायचं, कारण अंडी भिंतीला चिकटून कोरडी पडली तरी महिनोन्महिने जगतात. लोकांना मात्र धूर हवा असायचा. धुराने उडते डास मरतात, पिंपातल्या अळ्यांना काहीही होत नाही.

मिराईबद्दल, म्हणजे नेटला जोडलेल्या उपकरणांत घुसणाऱ्या त्या व्हायरससारख्या प्रोग्रॅमबद्दल, तूच मला सांगितलं होतंस ना, तेव्हा मला हा धूरच आठवला होता. कंपनीने घातलेले साठेक युजरनेम-पासवर्ड घेऊन तो जगभरचे कॅमेरे आणि राऊटर ठोठावत फिरायचा, आणि बंद करून चालू केलं की मेमरीतून जायचा खरा पण पासवर्ड तोच असेल तर थोड्या वेळात परत हजर. २१ ऑक्टोबर २०१६ ला अशाच कॅमेऱ्यांच्या फौजेने वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन कंपनीवर मारा केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स उघडेना. त्यातल्या काही उपकरणांत पासवर्ड आतच कोरलेला होता, मालकाने बदलायचं म्हटलं तरी बदलता येत नव्हता! त्या मालकाला निष्काळजी कसं म्हणायचं? ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून कायदाच लागू केला, सगळ्या उपकरणांत एकच सोपा पासवर्ड घालून विकायचं नाही म्हणून. नळाला रोज पाणी दिलं की पिंपं आपोआप कमी होतात, तसंच हे.

आजोबांचं म्हणशील तर त्यांनी दुकानदाराने बसवला तसा कॅमेरा वापरला, नातू परदेशातून बघतो म्हणून. बाहेरून वाट उघडली ती सोसायटीच्या राऊटरने, त्यात यूपीएनपी, म्हणजे आतल्या उपकरणाने मागितलं की बाहेरची वाट आपोआप उघडून देणारी सोय, पहिल्या दिवसापासून चालू होतं आणि तो राऊटर आम्ही कमिटीने बसवून घेतलाय, मी स्वतः सही केलीये. ते तुझ्या मेसेजमध्ये कुठेच नाही.

दोष कुणाचाच नसतो असं मी म्हणत नाहीये, गैरसमज करून घेऊ नकोस. समजावून सांगितलं, हातात हात घालून करून दाखवलं आणि तरी महिन्याने पिंपात अळ्या दिसल्या तर मी नोटीस काढलीये, आणि त्याची मला कधी खंत वाटली नाही. पण आधी सांगायला तर हवं. १८९७ ला पुण्यात प्लेग आला तेव्हा गोरे सोल्जर घरात घुसून रोगी शोधायचे, लोक आजारी माणसं लपवायला लागले, आणि तेव्हा तर उंदरावरच्या पिसवेने प्लेग पसरतो हे कुणाला ठाऊकही नव्हतं. त्याच वर्षी त्याच शहरात सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता १० मार्चला गेल्या. लोक कुणाला दार उघडत असतील ते तूच बघ.

आता काय करायचं ते सांगतो. तो मेसेज काढ आणि दुसरा टाक, त्यात फ्लॅट नंबर नको, कॅमेरा-राऊटरचा पासवर्ड कसा बदलायचा तेवढं मराठीत सोपं करून लिही. सोसायटीच्या राऊटरचं यूपीएनपी आजच बंद कर, कमिटीला मी कळवतो. आणि रविवारी दहाला आपण दोघं आजोबांकडे जाऊ. त्यांनी कालपासून कॅमेऱ्याची वायरच काढून ठेवलीये आणि मुलाला फोनवर म्हणत होते की मला काही कळत नाही, नकोच ते. तू लॅपटॉप घेऊन ये, मी टॉर्च आणतो, त्यांच्या फ्रिजमागचा ट्रे पण बघायचाय.

तुझा,
काका