न्यूयॉर्कच्या ऑफिसात सूटवर किप्पा (ज्यू लोकांची डोक्यावरची छोटी गोल टोपी) घातला तर विचित्र दिसेल का?

अजिबात नाही, बिनधास्त घाला. मॅनहॅटनमध्ये वकील, बँकर, डॉक्टर रोज सूट-टायवर किप्पा घालून कामाला जातात, कोणी वळूनही बघत नाही. फक्त लग्नात किंवा बार मिट्झ्वाला (ज्यू मुलगा तेरा वर्षांचा झाला की होणारा सोहळा) फुकट वाटतात ती चकचकीत सॅटिनची, आत नाव-तारीख छापलेली, ती ऑफिसला नको, एक तर ती सारखी घसरते आणि चमकते पण फार. काळी किंवा नेव्ही स्वेडची (मऊ चामड्याची) घ्या नाहीतर बारीक विणीची क्रोशाची, केसांच्या नाहीतर सूटच्या रंगाला जवळची, दोन्ही बाजूंना एकेक क्लिप लावली की मीटिंगमध्ये मान खाली घातली तरी पडत नाही, आणि टक्कल असेल तर सरळ दोन्ही बाजूंनी चिकटणारी डबल टेप.

बॉसची भीती असेल तर ती काढून टाका. १९८६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एअरफोर्सच्या ऑफिसरला गणवेशावर किप्पा घालायचा हक्क नाकारला होता, पण पुढच्याच वर्षी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदा करून परवानगी दिली. खाजगी नोकरीत धर्मावरून भेदभावाला बंदी घालणारा १९६४ चा सिव्हिल राइट्स ॲक्ट आहेच, पंधरा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर तो लागू होतो. मला मनापासून वाटतं, श्रद्धा असेल तर ऑफिसच्या दारात किप्पा काढून खिशात टाकू नका.