सोन्याचे नॅनोकण आणि डेंड्रिमर: रुग्णाच्या हाती आज काय आहे?

सोन्याचे नॅनोकण (डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण) आणि डेंड्रिमर (फांद्या फुटत गेलेले रेणू) यांच्यावरील संशोधनाचा रुग्णांना आज उपयोग होतो, की ते अजून प्रयोगशाळेतच आहे, असे आपण विचारले आहे. सोन्याचे कण मी स्वतः बनवलेले असल्यामुळे तिथूनच सुरुवात करतो.

क्लोरोऑरिक आम्लाच्या उकळत्या, फिकट पिवळ्या द्रावणात सोडियम सायट्रेट ओतले की आधी पिवळेपणा जातो, मग काळपट छटा येते आणि काही मिनिटांत द्रावण माणकासारखे लाल होते. त्यात चिमूटभर मीठ टाकले, तर सायट्रेटच्या ऋणभारामुळे एकमेकांपासून दूर राहिलेले कण गोळा होऊन रंग निळसर जांभळा पडतो. रक्तातही क्षार असतात. त्यामुळे कणाला टिकाऊ वेष्टन लागणार, हे त्या परीक्षानळीतच समजते.

असे वेष्टन डेंड्रिमर देऊ शकतो. झाडाच्या फांद्यांना फांद्या फुटत जाव्यात, तसा हा रेणू मध्यापासून थराथराने वाढवतात. डोनाल्ड टोमालिया यांनी अमेरिकेतील डाऊ कंपनीत विकसित केलेल्या पॅमॅम नावाच्या डेंड्रिमरच्या चौथ्या पिढीत (म्हणजे थरात) 64 टोके असतात, पाचव्या पिढीत 128. काही टोकांना फॉलिक आम्ल जोडले, तर ज्या कर्कपेशींवर त्याला पकडणारी प्रथिने (ग्राही) जास्त असतात त्या पेशी हा रेणू ओढून घेतात. उरलेल्या टोकांवर औषध बसवता येते आणि आतल्या पोकळीत सोने वाढवता येते. सोन्याचा अणुक्रमांक 79, तर सीटी स्कॅनमध्ये एरवी वापरल्या जाणाऱ्या आयोडीनचा 53; अणुक्रमांक जास्त, तर क्ष-किरण सहसा जास्त अडतात. म्हणून सीटी स्कॅनमध्ये असा कण चांगला उठून दिसतो.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. टोकांवरच्या अमाइन (नायट्रोजनयुक्त) गटांचा धनभार पेशींचे आवरण फाडतो, त्यामुळे ते गट अ‍ॅसिटिल गटांनी झाकावे लागतात. त्याहून अवघड प्रश्न यकृत आणि प्लीहा यांचा आहे, कारण बहुतेक कण तिथेच अडकतात. प्राण्यांवरील अनेक प्रयोगांचा 2016 मध्ये एकत्र आढावा घेतला, तेव्हा टोचलेल्या मात्रेपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्या भागाचे मध्यक मूल्य अवघे 0.7 टक्के निघाले.

म्हणून रुग्णाच्या हाती जे आले आहे, ते बहुतांशी शरीराबाहेरचे किंवा पृष्ठभागावरचे आहे. गर्भधारणा चाचणीच्या अनेक पट्ट्यांवरील लाल रेघ सोन्याच्या कणांचीच असते, आणि ऑस्ट्रेलियातील स्टारफार्मा कंपनीचे डेंड्रिमरयुक्त जेल योनिमार्गातील जिवाणूंच्या त्रासावर वापरतात. सिलिकावर सोन्याचे कवच चढवलेले कण टोचून, लेसरने तापवून प्रोस्टेटमधील गाठ जाळण्याच्या चाचणीचे 16 रुग्णांवरील प्राथमिक निष्कर्ष 2019 मध्ये आले; सोने व डेंड्रिमर एकत्र असलेल्या कणांचे काम मात्र मुख्यतः पेशींवर आणि उंदरांवरच झाले आहे. तेव्हा आपल्या रुग्णासाठी कुणी ‘नॅनो सोन्याचा’ उपचार सुचवला, तर ती वैद्यकीय चाचणी आहे का आणि भारताच्या चाचणी नोंदवहीतील तिचा क्रमांक काय, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी मागून घ्यावे.