नकार लेखी घे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

नाव मुद्दाम लिहीत नाही. पत्र आईच्या हाती पडलं तर मावशी पोरावर रागावली असं तिला वाटायला नको. रागावले आहेच, पण ते आपल्या दोघांत राहू दे.

काल तुमच्या स्वयंपाकघरात तू फोन पुढे केलास. इन्शुरन्स कंपनीच्या साहेबाला मारल्याचा आरोप आहे त्या पोराचा फोटो, डोक्यामागे सोन्याचं वलय, संतासारखा चेहरा, आणि तू म्हणालास, "मावशी, ह्यात चूक काय ते सांग." आई पोळ्या लाटत होती, म्हणून मी गप्प बसले. गाडी घेऊन घरी आले आणि पहाटे तीनपर्यंत जागी होते. तेव्हा आता ऐक.

खून वाईट असतो हे सांगायला मी बसलेली नाही, ते तुला येतं. कंपन्या कशा असतात हे तूही मला सांगू नकोस, त्यात माझी तीस वर्षं गेली. मी अडकले आहे वेगळ्याच ठिकाणी. तुझ्या बाबांना पॅरालिसिसचा अटॅक आला त्याला तीन आठवडे झाले. रिहॅबमध्ये, म्हणजे हातपाय पुन्हा चालते करायच्या हॉस्पिटलात, बाराव्या दिवशी इन्शुरन्सने कळवलं की रोजच्या तीन तासांच्या थेरपीची आता गरज नाही, नर्सिंग होममध्ये हलवा. कोणी कळवलं? फोनवर कुणीतरी बाई. तिचं नाव? माहीत नाही. पत्र आलं? नाही. मागितलंस? तू खांदे उडवलेस. "मागून काय होणार?" म्हणालास आणि परत फोटोकडे वळलास.

त्या फोटोपेक्षा मला ते खांदे उडवणं जास्त लागलं.

नकार लेखी घे. एवढंच सांगायचं आहे, पण हे तुला सांगायचा अधिकार मला कुठून आला ते आधी कळायला हवं. तुझ्या आईलाही हे पुरतं माहीत नाही.

मी मिरजेहून नर्सिंग करून इकडे आले. न्यू जर्सीत पहिली चार वर्षं कुठल्या हॉस्पिटलात नव्हतेच. मी पलीकडच्या बाजूला होते, एका इन्शुरन्स कंपनीत, फाइली तपासणाऱ्या नर्सांच्या लांबलचक हॉलमध्ये. तिथला नियम असा की नर्सला फक्त मंजुरी देता येते, नकारावर सही डॉक्टरची लागते. ऐकायला किती छान! मी मजकूर तयार करायचे, 'वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही', आणि वरच्या मजल्यावरचे डॉक्टर सह्या करायचे. ते म्हणायचे, नर्सने फाइल वाचली आहे. मी म्हणायचे, सही तर डॉक्टरांची आहे. संध्याकाळी दोघंही शांतपणे घरी जायचो. चार वर्षं मला झोप व्यवस्थित लागत होती, हे खरं सांगितलं पाहिजे.

त्या चार वर्षांत मला नावानिशी जाब विचारणारं माणूस एकच भेटलं. ओहायोतली एक बाई होती, नवऱ्याच्या पाठीच्या ऑपरेशनसाठी लिहिलेलं. पत्र टाइप केलेलं, दोन पानी, शिवीगाळ नाही. तिने विचारलं होतं, ही फाइल कोणी वाचली, त्यांचं शिक्षण काय, आणि त्यांनी पान १४ पाहिलं का? मी पान १४ पाहिलं नव्हतं. तिथे दुसऱ्या सर्जनची टिपणी होती. पत्राला उत्तर देणं भाग होतं म्हणून ते पान उघडावं लागलं, आणि नकार फिरला. मी चांगली होते म्हणून नाही फिरला. तिने मला वाचायला लावलं म्हणून फिरला.

ज्यांनी लिहिलं नाही त्यांची चौदावी पानं मी उघडली नाहीत. किती होती ते मला माहीत नाही, आणि कधी कळणारही नाही.

१९९६ मध्ये लिंडा पीनो नावाच्या डॉक्टर अमेरिकन काँग्रेससमोर जाऊन बसल्या. त्यांनी सांगितलं की १९८७ मध्ये एका माणसाचं आवश्यक ऑपरेशन मी नाकारलं, त्यामुळे तो मेला, आणि त्याबद्दल कोणी मला जबाबदार धरलं नाही, उलट इन्शुरन्स कंपनीचे पाच लाख डॉलर वाचवले म्हणून माझी पत वाढली. ती बातमी वाचली तेव्हा मी त्याच हॉलमध्ये बसून होते. नोकरी सोडायला मला आणखी दोन वर्षं लागली. ग्रीन कार्ड व्हायचं होतं रे, घरी पैसे पाठवायचे होते, नणंदेचं लग्न होतं. हे मी तुला का सांगते आहे? बहुतेक तू "चालेल मावशी" म्हणावंस म्हणून. म्हणू नकोस.

तर आता तुझा तो संत. ४ डिसेंबर २०२४ ला सकाळी पावणेसातच्या सुमाराला मॅनहॅटनच्या हिल्टनबाहेर ब्रायन थॉम्प्सनला पाठीमागून गोळ्या घातल्या. युनायटेड हेल्थकेअर ह्या इन्शुरन्स कंपनीचा मुख्य, वय पन्नास, दोन मुलांचा बाप. काडतुसांवर तीन शब्द लिहिलेले होते: लांबवा, नाकारा, पायउतार करा. ज्याला पकडलं त्याने आरोप नाकारला आहे. खटला कोर्टाने बघावा, म्हणून मी 'ज्याने कोणी हे केलं तो' एवढंच म्हणते. कंपनीने शोकसंदेश टाकला तर त्याखाली हजारो लोकांनी हसरे चेहरे ठोकले. खोटं का बोलू, मलाही क्षणभर ओठ दुमडून ठेवावे लागले. मग आठवलं की तो हॉल अजून आहे. त्यात आज मिरजेची नसेल, मनिलाची किंवा कोट्टायमची कुणीतरी बसली आहे, आणि कुठलंतरी पान १४ न उघडता घरी जाते आहे. तिला त्या गोळीने काय झालं? कंपन्यांनी वेबसाइटवरून बड्या लोकांचे फोटो काढून टाकले, पहारे वाढवले. साहेब आधीही दिसत नव्हता, आता त्याचं तोंडसुद्धा दिसत नाही. आणि फोन उचलणारी मुलगी मात्र जागच्या जागी. त्याच महिन्यात फ्लोरिडात क्लेम नाकारल्यावर एक बाई फोनवर तेच तीन शब्द बोलली, वर म्हणाली की आता तुमची पाळी. तिला अटक झाली. धमकी ऐकली कोणी? तासाच्या पगारावर हेडफोन लावून बसलेल्या कुणीतरी. आणि बेड्या कोणाला? जिचा क्लेम नाकारला तिला. एवढा हिशेब तरी नीट मांड.

तू म्हणालास, "पण अँथेमने भुलीचा नियम दुसऱ्याच दिवशी मागे घेतला, बघ!" बरोबर आहे, त्या इन्शुरन्स कंपनीने ५ डिसेंबरला घेतला. ऑपरेशन ठरलेल्या वेळेपेक्षा लांबलं तर वरच्या वेळेच्या भुलीचे पैसे देणार नाही, असा तो नियम होता. पण त्याविरुद्ध भूलतज्ज्ञांच्या संघटनेने नोव्हेंबरपासून रान उठवलं होतं, राज्यांचे अधिकारी कंपनीच्या मागे लागले होते. गोळीने घाई केली का? केली असेल. मी नाही म्हणणार नाही, कारण तुला खोटं पकडता येतं. पण मागे काय घ्यायचं हे कंपनीला कळलं ते कोणीतरी आधी ते कागदावर मांडलं होतं म्हणून. ती नोव्हेंबरची पत्रं नसती तर ५ तारखेला मागे घ्यायला काय होतं?

आणि २०२५ च्या जूनमध्ये सगळ्या मोठ्या कंपन्यांनी उपचाराआधी घ्यावी लागणाऱ्या परवानगीची कटकट कमी करू असं वचन दिलं, तेही तू गोळीच्या खात्यात जमा केलंस. असंच वचन त्यांच्या संघटनेने २०१८ मध्येही दिलं होतं. तेव्हा कोणी मेलं नव्हतं, आणि फरकही पडला नव्हता. वचन हे फोनवरच्या बाईसारखंच असतं बाळा. लेखी कलम आणि न पाळल्यास दंड, त्याला मी वचन म्हणते.

मग तू चापेकरांना मध्ये आणलंस. चिंचवडचा वाडा आजोबांनी दाखवला होता ना तुला. तो प्रश्न मात्र मला टाळता येत नाही, कारण तोही आजार आणि सत्ता यांचाच मामला होता. १८९७ चा प्लेग, रँडचे गोरे शिपाई घरात घुसून बायामाणसांना तपासतात, सामान जाळतात, आणि दाद मागायची ती त्याच सरकारकडे. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर जे झालं त्याचा निवाडा करायची माझी लायकी नाही. त्यांच्यापुढे कुठलाच दरवाजा उघडा नव्हता, आणि तीन सख्खे भाऊ फासावर गेले. पण शाळेत मला फक्त रँड शिकवला. मागच्या गाडीत लेफ्टनंट आयर्स्ट होता, तो तर जागीच मेला, रँडच्याही आधी. त्याचं नाव मला चाळिशीत कळलं. आणि प्लेग त्याच वर्षी पुण्यात परत आला, आणखी जोरात.

तुझ्यापुढचे दरवाजे बंद आहेत का? हा माझा प्रश्न आहे, आणि उत्तर देताना माझ्याकडे बघ. तू कडीसुद्धा वाजवली नाहीस! २०२३ सालचा, सरकारच्या वेबसाइटवरून विकल्या जाणाऱ्या पॉलिसींचा हिशेब आहे, केएफएफ नावाच्या संस्थेने काढलेला. नेटवर्कमधल्या दवाखान्यांचे शेकडा १९ क्लेम नाकारले गेले. त्यावर अपील किती जणांनी केलं? शंभरात एकानेही नाही. ज्यांनी केलं त्यांच्यातल्या शेकडा ४४ जणांचा नकार फिरला. म्हाताऱ्यांच्या मेडिकेअर ॲडव्हान्टेज विम्यात २०२२ ला नाकारलेल्या परवानग्यांपैकी दहातल्या एकीवर अपील झालं, आणि त्यातली ऐंशी टक्क्यांहून जास्त फिरली. हे आकडे कंपन्यांना तोंडपाठ आहेत. खांदे उडवणाऱ्या लोकांवर धंदा चालतो त्यांचा. २०२३ मध्ये सिग्ना ह्या इन्शुरन्स कंपनीबद्दल छापून आलं होतं की एका पद्धतीत डॉक्टर एका केसला सरासरी १.२ सेकंद देत होते. कंपनीला ते वर्णन मान्य नव्हतं. पण मी त्या हॉलमध्ये बसले आहे, मला आश्चर्य वाटलं नाही. तुझं पत्र पोचलं की त्या १.२ सेकंदांची वीस मिनिटं होतात. दुसरं काहीही करत नाही ते पत्र. पण बाबांचा डावा हात त्या वीस मिनिटांत आहे.

हो, मला माहीत आहे की हे अन्यायाचं आहे. आजारी माणसाच्या घरच्यांनी कारकुनी का करायची? आई ड्यूटी करून, डबा घेऊन, रिहॅबला जाऊन यायची आणि रात्री कलमं वाचायची? ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांचं काय? तू हे विचारशील आणि तुझं बरोबर असेल. माझ्याकडे उत्तर नाही. गेली पंचवीसहून जास्त वर्षं मी हॉस्पिटलच्या बाजूने हीच अपिलं लिहिते आहे, जिंकते, हरते, आणि व्यवस्था होती तशीच आहे. कधी वाटतं, मी फक्त त्या चार वर्षांचं व्याज फेडते आहे. वाटू दे. पत्र लिहिणाऱ्या ओहायोच्या बाईलाही व्यवस्था बदलायची नव्हती, तिला नवऱ्याची पाठ हवी होती.

आता कामाचं. सोमवारी सकाळी आठला फोन लाव. नाव विचार, वेळ लिही, कॉलचा नंबर घे. म्हण, नकार लेखी हवा. कुठल्या निकषावर नाकारलं ते निकष हवेत, बाबांची पूर्ण फाइल फुकट हवी, आणि ज्या वैद्यकीय तज्ज्ञाचं मत घेतलं त्याची ओळख हवी. हे सगळं मागायचा हक्क कायद्याने दिला आहे, उपकार नाहीत. मग 'तातडीचं अपील' हेच शब्द वापर, त्यावर बहात्तर तासांत निकाल द्यावा लागतो. रिहॅबच्या डॉक्टरांना सांग की इन्शुरन्सच्या डॉक्टरशी स्वतः फोनवर बोला. अपील हरलं तर बाहेरच्या स्वतंत्र तपासणीला जायचं, ते २०१० च्या कायद्याने मिळालं आहे.

आणखी एक. बाबांच्या कंपनीच्या एचआरला विचार की प्लॅन सेल्फ-फंडेड आहे का. बहुतेक असेल, कंपनी मोठी आहे. म्हणजे पैसे त्यांच्याच मालकाचे, इन्शुरन्सवाले नुसते मुनीम. ज्या मालकाने बाबांना पंधरा वर्षांची ट्रॉफी दिली, तुमच्या टीव्हीवर ठेवली आहे ती, नकारात त्याचाही हात असू शकतो. सांग, गोळी कोणाला घालशील? त्या मालकाला? वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना? मला?

रागावून लिहिलं. खोडत नाही, तसंच राहू दे.

सोमवारी संध्याकाळी सहाला कामावरून सुटले की सरळ तुमच्याकडे येते. पहिला मसुदा तू लिही, मी लाल पेनाने उभा-आडवा कापीन, रडू नकोस. तुमच्या प्रिंटरमध्ये शाई आहे का बघून ठेव. हे लोक अजून फॅक्सवर जगतात, तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानात फॅक्स आहे का तेही विचार, आणि पाठवल्याची पोच फाडून फेकू नकोस. आईला म्हणावं, स्वयंपाक करू नकोस, मी पिठलं आणि भाकरी घेऊन येते.

तुझी,
मावशी